भिंतीला टेकायचं नाही

लग्न होऊन सासरी आले त्या दिवशी बैलगाडीच्या प्रवासाने माझी पाठ मोडली होती. मधल्या खोलीत कुणी नाही असं बघून मी जरा भिंतीला टेकून बसले, तर सासूबाईंनी मागून येऊन दोन्ही दंडांना धरून मला पुढे ओढलं. "टेकू नको वं पोरी, डोक्शाच्या तेलाचा डाग पडते." नव्या नवरीशी त्या बोलल्या ते हे पहिलं वाक्य. पाणी विचारलं नाही, दमलीस का विचारलं नाही. मी मनात म्हटलं, झालं, आता जन्मभर या बाईच्या भिंती सांभाळायच्या.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आजच्या दोन जिल्ह्यांचा मिळून जिल्हा एकच होता, चांदा. आमचं गाव मूल गावच्या बाजारापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, एका बाजूला धानाची बांधी, म्हणजे भाताची खाचरं, आणि दुसऱ्या बाजूला जंगल. घरं मातीची, वर कवेलूंचं छप्पर. घरात आम्ही तिघंच. मी, आमचे हे, आणि सासूबाई. सासरे मी यायच्या आधीच गेलेले. शेती ह्यांनी बघायची, आणि घर, अंगण, गोठा आणि आम्हा दोघांची वागणूक सासूबाईंनी.

त्यांच्या स्वच्छतेचं काय सांगू! पहाटे सडा. मग झाडणं, तेही कोपऱ्यापासून दाराकडे, उलट झाडलं की पुन्हा पहिल्यापासून. विहिरीचं पाणी जुन्या लुगड्याच्या चौघडीतून गाळल्याशिवाय रांजणात पडायचं नाही, आणि रांजणात हात बुडवलेला दिसला तर सगळं पाणी झाडांना. पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं. शेतातून आलेल्याने पाय धुतल्याशिवाय सपरी, म्हणजे ओसरी, चढायची नाही. भांडी राखेने, हात राखेने, वाकळी आठवड्यातून एकदा उन्हात. ह्यांची नखं वाढली तर त्या लहान मुलासारखा त्यांचा हात धरून बघायच्या, आणि हे एवढे थोरले पुरुष मान खाली घालून उभे राहायचे. मला हसू यायचं आणि रागही यायचा. पण खोटं कशाला बोलू, गावात हगवणीची साथ यायची तेव्हा आमच्या घराला ती शिवत नसे.

आणि या सगळ्याचा कळस म्हणजे भिंती. तलावामागच्या खाणीतून पांढरी माती डोक्यावर आणायची, भिजवायची, त्यात थोडंसं शेण कालवायचं आणि हाताने भिंतीला द्यायचं. बाकी बायका सणासुदीला देत. आमच्याकडे दर पंधरवड्याला. शिवाय कुणी परका माणूस चुलीपर्यंत आला, घरात कुणी आजारी पडून उठलं, काही विटाळ झाला, की जमिनीसकट भिंती. गावातल्या बायका पोरींना आमचं घर दाखवायला आणत. सासूबाई तेव्हा फक्त पोरींना भिंतीपासून लांब उभं करत.

एक जागा मात्र त्या सारवत नसत. आमच्याकडे नवरी घरात शिरली की तिचे दोन्ही हात हळदीत बुडवून दाराशेजारच्या भिंतीवर उमटवून घेतात. ते हात कुणी पुसायचे नाहीत, आपोआप फिके होतील तेव्हा होतील. माझ्या हातांभोवती वीतभर जागा सोडून सासूबाई बोटांच्या टोकांनी सारवायच्या. त्यामुळे पांढऱ्याशुभ्र भिंतीत तेवढाच एक चौकोन जुना, मळकट राहिला होता. खरं तर त्यांना तो खुपायचा, पण रीत म्हणजे रीत.

पहिल्याच वर्षी मला दिवस गेले. पाचवा महिना लागला आणि भादव्यात थंडीतापाने गाठलं. आमच्या भागात ही काही नवलाची गोष्ट नव्हती. धान पोटरीत आलं की घरोघर माणसं वाकळीखाली कुडकुडत पडायची. मीही पडले. दात वाजायचे, मग अंग भाजायचं, मग घाम. तापाच्या चौथ्या की पाचव्या पाळीला पोट दुखू लागलं आणि माझं मूल गेलं. मी कोपऱ्यात पडून होते आणि त्याच दिवशी सासूबाईंनी खोली सारवायला घेतली. जमीन सारवली, भिंती सारवल्या, माझ्या अंथरुणाभोवतीसुद्धा. मला वाटलं, ही बाई माझं मूल पुसून टाकते आहे. तो राग मी वर्षभर पोटात ठेवला. कामं सगळी केली, उलटून एक शब्द बोलले नाही, पण त्यांच्याकडे बघताना माझे डोळे कोरडे झाले होते.

पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी पुन्हा दिवस राहिले. आनंद झाला असं म्हणवत नाही. भादवा अजून लांब होता आणि मला तो दाराशी उभा असल्यासारखा दिसत होता.

त्याच सुमारास गावात फवारणीवाले आले. खाकी कपड्यांतली माणसं, हातात पंप, बादल्या, आणि घराघरात भिंतींवर औषध मारायचं. डीडीटी हा शब्द आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्यांच्यातल्या मोठ्याने आधी चावडीवर गावातल्या पुरुषांना जमवून सगळं समजावून सांगितलं. आम्हा बायकांना फक्त हुकूम आला, सामान बाहेर काढा. सासूबाईंनी देव काढले, लोणच्याची बरणी काढली, धान्याच्या कोठीवर लुगडं टाकलं, आणि ती माणसं पायताणांसकट चुलीजवळ गेली तेव्हा डोळे मिटून घेतले. माणसं गेली. घरात उग्र वास, आणि त्या दुधासारख्या भिंतींवर सगळीकडे ओघळ आणि भुरकट डाग, कुठे दाट, कुठे विरळ.

"हे काय करून ठेवलं माह्या घराचं!" सासूबाई मधल्या खोलीत उभ्या राहून म्हणाल्या. रडायच्याच बाकी होत्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी पांढरी माती भिजवली. परके लोक चुलीपर्यंत गेले होते, म्हणजे सारवणं आलंच. त्यात हे डाग. मला जड उचलू दिलं नाही, पण हाताशी घेतलं. दुपारपर्यंत घर पुन्हा लखलखीत झालं. शेजारणीकडे बघून सासूबाईंनी नाक मुरडलं. शेजारीण त्यांच्याच वयाची, मोकळ्या मनाची, गप्पिष्ट बाई, आणि घराच्या बाबतीत आनंदच. तिने डाग तसेच ठेवले. "सवडीनं पाहू" म्हणाली. "तिच्या चुलीपाशी मांजर पन जेवाले जात नाई," हे सासूबाईंचं तिच्याबद्दलचं ठरलेलं मत.

रोवणी आटोपली आणि श्रावणात ह्यांना ताप आला. तीच हुडहुडी. मूलच्या दवाखान्यातून कडू गोळ्या आणल्या, हे उठले, तर सासूबाई पडल्या. त्याही उठल्या. आता घरात न पडलेली मी एकटीच उरले होते, आणि रोज सकाळी मी स्वतःच्या कपाळाला हात लावून बघत होते. सासूबाईही बघत. मी चूल फुंकत असले की येता-जाता त्यांचा हात माझ्या मानेला लागायचा, जसा काही चुकून.

आणि शेजारणीकडे कुणाला काही नाही! तिचा नवरा, दोन लेकी, सगळे ठणठणीत. ती पाटीभर गप्पा घेऊन आमच्या सपरीत येऊन बसायची. सासूबाईंना ते सहन होईना. "आपलं घर आरशासारखं, अन् ताप आपल्याकडं? तिच्या घरी काऊन नाई येत? तिथी तर त्याले राहाले जागाच जागा हाये." मला हसू आलं, पण पोटातली भीती काही हलली नाही.

मग ती सकाळ. मी घर झाडून सपरीत आले होते, एवढ्यात आतून हाक आली. "कालचा केर इथीच ठेवला काऊन?"

मी आत गेले. दाराशेजारी, माझ्या हळदीच्या हातांखाली, जमिनीवर मेलेले डास आणि माश्या पडल्या होत्या. चिमूटभर काळा केर.

"बाई, मी आत्ताच झाडलं जी."

"झाडलं तं हे काय हाये?"

"मले काय माहीत. रोजच असते इथी. रोज उचलतो."

वर्षभराचा राग माझ्या आवाजात उतरला असावा, कारण त्या दचकून माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "रोज? इथीच?"

"इथीच. बाकी घरात नाई."

त्यांनी वर पाहिलं. मीही पाहिलं. माझ्या हातांच्या ठशांवर आणि भोवतीच्या त्या मळकट चौकोनावर फवारणीचा भुरकट डाग तसाच होता. सगळ्या घरात तेवढाच उरला होता, कारण तेवढंच सारवलेलं नव्हतं. तिथे एक माशी बसली होती. ती उडाली, भिंतीवर आपटली, खाली पडून गोल गोल फिरली. सासूबाई खाली बसून ती थांबेपर्यंत बघत होत्या.

मग उठल्या आणि तडक शेजारणीकडे गेल्या. तिच्या घरात त्या आयुष्यात क्वचितच गेल्या असतील. मीही मागोमाग. शेजारणीच्या खोलीत भिंतीच्या कडेकडेने, जिथे झाडू पोचला नव्हता तिथे, सगळीकडे तोच काळा केर. सासूबाई भिंतीवरून नजर फिरवत म्हणाल्या, "तुह्या भिंती चांगल्या हायेत वं." शेजारीण गोरीमोरी झाली. तिला वाटलं, ही बाई आता घरात येऊन टोमणे मारायला लागली.

दुपारी हे जेवायला आले तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "काऊन रे, फवारनीवाल्यानं चावडीवर काय सांगतलं होतं?"

ह्यांनी घास चावत आठवलं. "हेच, की मच्छरानं ताप येते. मच्छर भितीवर बसते, तं भितीवर औषध. अन् हो, पोळ्यानंतर पुन्हा येतो, तवरी भिती सारवू नका म्हने."

आमच्या दोघींचे हात जिथल्या तिथे थांबले.

"मंग घरी येऊन सांगतलं काऊन नाई?"

"मी कुठी भिती सारवतो?" हे अगदी निरागसपणे म्हणाले.

गावातल्या सगळ्या पुरुषांनी ते ऐकलं होतं, आणि सगळ्यांनी ते चावडीवरच ठेवून दिलं होतं. भिंती आपोआप पांढऱ्या होतात अशीच त्यांची समजूत असणार. मला असा संताप आला की ताट ओढून घ्यावं. मला वाटलं सासूबाई आता त्यांना सोलून काढणार. पण हे हात धुऊन गेले तरी त्या चुलीपाशीच बसून होत्या, आपले तळहात उलटसुलट करून बघत.

"तुह्या नवऱ्याच्या अगोदर माहे दोन होते," त्या म्हणाल्या. "एक पोरगी अन् एक पोरगा. दोघंही थंडीतापानं गेले. मी सगळ्यायले इचारलं, काऊन गेले? कोनी म्हने नजर, कोनी म्हने घरात विटाळ झाला असन. मंग मी सारवाले लागली. मले दुसरं काय येत होतं? तुहं गेलं तवाही सारवलं. अन् आता औषध आलं तं मीच माह्या हातानं त्याच्यावर माती फासली."

मी त्यांच्या घरात दीड वर्ष राहत होते आणि हे मला ठाऊक नव्हतं. ह्यांनाही धड ठाऊक नसावं. त्या दिवशी मला कळलं की त्या माझं मूल पुसत नव्हत्या. पुढचं मूल वाचवायला बसल्या होत्या. मी उठून त्यांच्याजवळ गेले, त्यांचे खरबरीत हात हातात घेतले आणि रडले. त्या नाही रडल्या. "पुरे वं पुरे. पोटात लेकरू हाये," म्हणाल्या आणि मला गूळ-पाणी दिलं.

पुढच्या दिवसांत त्यांनी जे केलं ते आठवून मला अजून हसू येतं. त्या विहिरीवर गेल्या आणि जमलेल्या बायकांना म्हणाल्या, "पोळ्यानंतर फवारनीवाले पुन्हा येनार हायेत. नंतर कोनी भिती सारवू नका." हेच दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर बायकांनी आळशी म्हणून उडवून लावलं असतं. पण ही बाई सारवू नका म्हणते म्हणजे नक्कीच काहीतरी असणार! चावडीवरून जे दोन महिन्यांत एकाही घरी पोचलं नव्हतं ते संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

पोळ्यानंतर फवारणीवाले आले तेव्हा सासूबाईंनी त्यांना आपल्या हाताने चहा दिला. सामान आदल्या दिवशीच बाहेर. शिवाय त्यांच्या मागे मागे फिरून, "त्या कोपऱ्यात राहून गेलं भाऊ, तिथी मारा," असं दाखवत होत्या. ती माणसं जरा घाबरलीच. पुन्हा तेच ओघळ, तेच डाग, तोच वास. जमीन सारवायची, सडा घालायचा, पाणी गाळायचं, सगळं पहिल्यासारखं. फक्त भिंत सोडून द्यायची. हे त्यांना किती जड गेलं ते मी पाहिलं आहे. शेणाचा हात जमिनीवरून फिरत फिरत भिंतीच्या पायथ्याशी यायचा आणि तिथे जरा घुटमळून परत फिरायचा.

भादवा आला. गेल्या वर्षी ज्या दिवसांत मी पडले होते ते दिवस एक एक करून जात होते. मी नीट झोपत नव्हते, सासूबाईही नाही. अश्विन गेला. दिवाळी आली तेव्हा मला पाचवा लागला होता. गावभर भिंती उजळायचा सण, आणि आमच्या भिंतींवर डागच डाग. दुसऱ्या गावाहून आलेल्या पाहुण्या बायका बघून विचारायच्या, "काऊन बाई, यंदा हात दुखून राह्यले काय?" सासूबाई म्हणायच्या, "भितीले औषध देल्लं हाये." आणि पुढे काही नाही. माझ्या पोटाकडे मात्र एकदा बघायच्या.

नरकचतुर्दशीच्या दिवशी त्यांनीच मला उटणं लावलं, गरम पाण्याने न्हाऊ घातलं. अंगणात गार वारा सुटला होता. मी ओल्या केसांनी आत आले आणि मला हुडहुडी भरली. दात वाजू लागले. सासूबाईंच्या हातातला लोटा खाली पडला. चेहरा असा झाला की मला माझ्यापेक्षा त्यांचीच काळजी वाटली. त्यांनी घरातल्या सगळ्या वाकळी माझ्यावर टाकल्या, केस पुसले, आणि माझ्या मानेखाली हात घालून बसून राहिल्या. हे दारात उभे. शेजारीण धावत आली, तीही उभी. सगळ्यांना पुढचं ठाऊक होतं. आधी थंडी वाजते आणि मग अंग तापतं. आम्ही अंग तापायची वाट बघत होतो. मी डोळे मिटून, पोटावर दोन्ही हात ठेवून, एवढंच म्हणत होते, नको, नको, या वेळी नको.

अंग तापलं नाही. वाकळींची ऊब आली, दात थांबले, आणि मग मला नुसतं उकडायला लागलं. सासूबाईंनी कपाळ पाहिलं, मान पाहिली, पोटऱ्या पाहिल्या. शेजारणीलाही बघायला लावलं. मी म्हटलं, "बाई, करंज्या कुठी हायेत? मले भूक लागली."

मग शेजारीण फिस्सकन हसली, हे हसत हसत बाहेर गेले, आणि सासूबाई मला शिव्या देऊ लागल्या. ओल्या केसांनी काऊन आली, पदर काऊन नाई घेतला, जीव घेतला माहा. शिव्या देता देता रडत होत्या. मला पहिल्यांदा त्या रडताना दिसल्या. माझा जीव असा भांड्यात पडला की मी पोटभर करंज्या खाल्ल्या आणि दुपारभर गाढ झोपले.

त्यानंतर भीती गेली नाही, पण तिचे दात गेले. धान कापलं, मळलं, थंडी सरली, आणि फाल्गुनात पळस फुलला असताना मला मुलगा झाला. सुईणीने त्याला उलटा धरून थापटलं आणि तो असा ओरडला की गोठ्यातली गाय हंबरली. सासूबाईंनी त्याचं कपाळ पाहिलं. आता तीच सवय लागली होती.

पुढे त्या औषधाबद्दल मी बरंवाईट पुष्कळ ऐकलं. ऐकणाऱ्याने ऐकावं. आमच्या गावात त्या वर्षी वाकळीखाली कुडकुडणारी माणसं फार कमी दिसली, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

बाराव्या दिवशी बाळंतिणीची खोली सारवायची रीत. सासूबाईंनी मला बाळासकट सपरीत बसवलं, बादलीत माती आणि शेण कालवलं आणि आत गेल्या. जमीन सारवली. मग आवाज थांबला. बऱ्याच वेळाने मी उठून डोकावले, तर त्या ओल्या हातांनी भिंतीसमोर उभ्या होत्या. बाळंतिणीच्या खोलीची भिंत, म्हणजे सारवायलाच हवी. बारा दिवसांचा धूर, तेल, सगळं तिच्यावर बसलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बादली उचलली आणि बाहेर नेली. उरलेली सगळी माती अंगणाच्या कुंपणभिंतीला दिली, जिथे फवारणी कधी होत नसे. पुढे कित्येक वर्षं ती भिंत गावात सगळ्यांत पांढरी होती.

जमीन वाळल्यावर त्या हात धुऊन खोलीत येऊन बसल्या. "आन त्याले इकडं," म्हणाल्या. मी बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांनी त्याला नीट घेतलं, मान सांभाळली, आणि मग हळूच मागे सरकून भिंतीला पाठ टेकली. डोकंही टेकलं. डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळाने बाळ रडायला लागलं म्हणून त्या उठल्या, तर लुगड्यावर पाठभर फवारणीची भुरकट पूड लागलेली होती. मी झटकायला पुढे झाले. "राहू दे," त्या म्हणाल्या, आणि तशाच बाळाला घेऊन अंगणात गेल्या.